वळवाचं वादळ आणि घरून काम : सोलापूरकरांनो, या चुका टाळा

एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात दुपारी तीन-चारच्या सुमाराला आभाळ भरून येतं. आधी धुळीचा लोट उठतो, मग वारा सुटतो, मग टपोरे थेंब, कधी गारा. नेमकी तीच वेळ युरोपातल्या क्लायंटच्या मिटिंगची. २०२० नंतर पुण्याहून, हैदराबादहून लॅपटॉप घेऊन परत आलेली कितीतरी मुलं आता जुळे सोलापुरात, विजापूर रोडला, शेळगीत घरून काम करतात. ही मुलं हुशार आहेत, कामाला वाघ आहेत. पण वादळ आलं की दरवर्षी त्याच चुका होतात आणि दरवर्षी मला तेच फोन येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

"वादळं कोकणात येतात, आपल्याकडे कुठली?"

हा समज आधी काढून टाका. १३ ऑक्टोबर २०२० ला काकीनाड्याजवळ किनारा ओलांडलेली कमी दाबाची प्रणाली हैदराबाद बुडवून दुसऱ्या दिवशी आपल्या जिल्ह्यावर आली होती. पंढरपुरात चंद्रभागेच्या काठावर घाटाची भिंत कोसळून सहा माणसं गेली. समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे, म्हणून आपण सुटलो असं होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा लांबोटीजवळ पुणे हायवेच बंद झाला होता. "फारच झालं तर पुण्याला ऑफिसात जाऊन बसू" हा बेत ज्यांचा होता, त्यांचा बेत तिथेच संपला.

लाईट आली की लगेच सगळं चालू करणं

माझ्या मते ही सगळ्यात महागडी चूक आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

माझा मामेभाऊ शेळगीत राहतो. मे महिन्यात वळवाने झोडपलं, कडुनिंबाची मोठी फांदी तारांवर पडली आणि लाईट गेली. दीड-दोन तासांनी आली. त्याची मिटिंग दहा मिनिटांवर होती. त्याने घाईघाईने अडॅप्टर लावला, राऊटर चालू केला आणि मला फोन केला, "दादा, लाईट आली बघ. पण ट्यूब लई भगभग करायल्यात, फॅन बी जोरात फिरतोय." मी म्हटलं, "मेन पाड आधी, बोलू नंतर." तेवढ्यात मागून 'फट्' असा आवाज आला. अडॅप्टर गेला, राऊटर गेला, टीव्हीचा बॉक्स गेला. शेजारच्या काकूंकडे मात्र त्याच वेळी बल्ब निखाऱ्यासारखा लालसर मिणमिणत होता. वायरमन खांबावर चढला तेव्हा कळलं की फांदीने न्यूट्रल (वीज परत जाणारी तार) तुटली होती आणि फेजच्या (वीज आणणाऱ्या) तारा शाबूत होत्या.

यात काय होतं ते समजून घ्या. आपल्या घरात येणारे २३० व्होल्ट एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामधले असतात. दोन फेजांमध्ये मात्र ४०० च्या आसपास असतात. खांबावर न्यूट्रल तुटली की दोन वेगळ्या फेजांवरची घरं नकळत एकामागे एक जोडली जातात आणि ते ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. ज्या घरात कूलर, फ्रिज, मोटर असं जास्त चालू आहे, तिथे व्होल्टेज कमी येतं. ज्या घरात थोडंसंच चालू आहे, तिथे जास्त येतं. आता घरून काम करणाऱ्या माणसाचं घर डोळ्यांसमोर आणा. बाकी सगळं बंद, फक्त लॅपटॉप आणि राऊटर चालू. मार त्याच घराला बसतो. अडॅप्टरवर '१०० ते २४०' छापलेलं असतं, साडेतीनशे त्याला कसे झेपणार?

साधा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच, इथे पडत नाही. तो जास्त करंट पाहतो, जास्त व्होल्टेज नाही. शॉक लागू नये म्हणून बसवलेला ईएलसीबीही यासाठी नाही. बाजारात मिळणारी स्पाइक बस्टरची पट्टी तर यापुढे काहीच नाही. तिच्यावर विसंबलेली माणसं पाहिली की मला खरंच वाईट वाटतं.

माझी सवय अशी आहे. वादळात लाईट गेली की मी मेन स्विच पाडतो. घर इन्व्हर्टरवर चालतं. लाईट आली हे मीटरवरच्या लाल दिव्यावरून कळतं. कळल्यावर लगेच उठत नाही, पंधरा मिनिटं जाऊ देतो, कारण दुरुस्तीनंतर लाईन बऱ्याचदा दोन-तीनदा ये-जा करते. मग मेन चालू करून इन्व्हर्टरवर नसलेला एकच बल्ब लावतो आणि नुसता बघतो. नेहमीसारखा लागला तर बाकीचं. जास्त उजेड दिसला किंवा मंद वाटला तर मेन परत खाली आणि शेजाऱ्यांना हाक. इलेक्ट्रिशियनकडून ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घेतला तर उत्तमच. लॅपटॉपच्या किमतीपुढे त्याचा खर्च काहीच नाही. तरी माझी पंधरा मिनिटं मी सोडत नाही. मिटिंगला उशीर झाला तर माणसं समजून घेतात, जळालेलं मशीन मात्र कोणी भरून देत नाही.

बॅकअप आहे असं समजणं

आमच्या टीममधल्या एका मुलाने घरी फायबर घेतली आणि बॅकअप म्हणून त्याच कंपनीचं सिम घेतलं. वादळाच्या संध्याकाळी रिलीज होतं, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चालू करायची होती. फायबर गेली, आणि अर्ध्या तासात मोबाइलची रेंजही गेली. वाऱ्याने रस्त्याकडेची केबल तुटली होती. त्याच्या घराची फायबर आणि गल्लीमागच्या टॉवरची जोडणी, दोन्ही त्याच केबलने येत होत्या. रात्री साडेनऊला तो मोटारसायकलवर लॅपटॉप घेऊन सात रस्त्याकडे मित्राच्या घरी गेला. भर पावसात, रस्त्यावर फांद्या पडलेल्या असताना. हे मला अजिबात पटलेलं नाही. कुठलंच रिलीज एवढं मोठं नसतं.

दुसरी जोडणी दुसऱ्या कंपनीची हवी आणि दुसऱ्या वाटेने येणारी हवी. केबलवाल्याला सरळ विचारा की तुमची केबल कुठल्या खांबावरून येते, मधला बॉक्स कुठे आहे, त्याला बॅटरी आहे का. तो सांगतो. फायबरची काच विजेशिवाय चालते, पण त्या मधल्या बॉक्सला आणि तुमच्या राऊटरला वीज लागतेच. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही काही तासच टिकतात, पुढे डिझेलवर. आणि आख्ख्या पेठेची फायबर गेली की सगळे एकाच टॉवरवर तुटून पडतात. अशा वेळी व्हिडिओ बंद करा. नुसत्या आवाजाला १०० केबीपीएसच्या आसपास इंटरनेटचा वेग पुरतो, व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट लागतं. मिटिंगच्या निमंत्रणात साध्या फोनने जोडून घ्यायचा नंबर असेल तर तो आधीच मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.

इन्व्हर्टर आहे ना, मग कूलर चालू दे

१५० एएचची (अँपिअर-अवर) १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॉट-अवर देते. इन्व्हर्टरचं नुकसान आणि बॅटरीचं वय धरलं तर मी हजार-बाराशेच मोजतो. लॅपटॉप ६०, राऊटर १५, जुना पंखा ७५, म्हणजे दीडशे वॉट. सात-आठ तास निघतात. त्यात कूलर लावला की निम्म्यावर येता. उकडतं हे मान्य, खिडकी उघडा. आणि बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर मार्चमध्येच भरा. वळवाच्या दिवशी झाकण उघडून बघणारे लोक मला कळतच नाहीत.

गच्चीवरून आलेली लॅन केबल

काही भागांत अजून इंटरनेटची तांब्याची तार, म्हणजे लॅन केबल, गच्च्यांवरून ओढलेली आहे. जवळ वीज पडली की तिच्यातून झटका थेट राऊटरच्या पोर्टमध्ये आणि तिथून लॅपटॉपमध्ये येतो. मशीन वायफायवर ठेवा आणि ती केबल ढग जमतानाच काढा. कडकडाट सुरू झाल्यावर तिला हात लावायचा नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं 'दामिनी' ॲप आसपास वीज पडत असेल तर सांगतं, ते घ्या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गच्चीवर जाऊ नका, टाकीचं झाकण उडालं असलं तरी.

पाणी विसरणं

घरून काम करणारे विजेचा विचार करतात, पाण्याचा करत नाहीत. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं. उजनीच्या किंवा पाकणीच्या पंपांची वीज गेली की पाळी पुढे जाते. शिवाय हौदातलं पाणी वर चढवायला मोटर लागते आणि ती इन्व्हर्टरवर चालत नाही. आभाळ काळं दिसलं की आधी वरची टाकी भरा, मग लॅपटॉप चार्ज करा.

आता भराभर. गच्चीच्या पाइपच्या तोंडाशी साचलेला कडुनिंबाचा पाला मेआधी काढा, नाहीतर पाणी जिन्यातून मीटरच्या बोर्डावर उतरतं. ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर उभं राहून मेनला हात लावू नका. पत्र्यावर नुसते दगड ठेवून भागत नाही, हूक मारून घ्या, कारण उडालेला पत्रा दुसऱ्याच्या अंगावर जातो. गाडी झाडाखालून काढा. काम दुपारी दोनलाच सर्व्हरवर चढवून ठेवा. ओटीपी ज्या नंबरवर येतो त्या फोनची बॅटरी हॉटस्पॉटमध्ये संपवू नका. आणि मॅनेजरला वादळाआधी कळवा. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा येतो, तो तसाच पाठवून "लाईट जाऊ शकते, अमुक काम मी आत्ता पूर्ण करतोय" एवढं लिहिलं तरी पुरतं. संध्याकाळी सातला गायब होऊन दुसऱ्या दिवशी कारण सांगणारा माणूस नवा असेल तर त्याच्यावरचा विश्वास तिथेच उडतो.

शेवटची चूक म्हणजे तक्रार न करणं. कोणीतरी केली असेल असं धरून आख्खी गल्ली अंधारात बसते. महावितरणचा १९१२ किंवा १८००-२१२-३४३५ लावा. बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक कागदावर लिहून मीटरजवळ चिकटवून ठेवा, अंधारात बिल सापडत नाही. नुसतं "लाईट गेली" म्हणू नका, जे दिसतंय ते सांगा : फांदी कुठल्या तारेवर आहे, खांब वाकलाय का, कुठल्या घरात बल्ब मंद आहे आणि कुठल्या घरात जास्त. तार जमिनीवर पडलेली असेल तर ते सगळ्यात आधी सांगा, आणि वायरमन येईपर्यंत मुलांना आणि गुरांना तिच्याकडे फिरकू देऊ नका.