एनआयआरवर हळद तपासताय? या चुका टाळा

आमच्या सांगलीच्या युनिटला एनआयआर (निअर इन्फ्रारेड, डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशावर चालणारं) मशीन आलं तेव्हा सगळे खुश, हळकुंड फोडायचं नाही, केमिकल नाही, प्रकाश टाकला की ओलावा आणि कर्क्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य) स्क्रीनवर हजर. आणि पहिल्याच पावसाळ्यात आकडे असे नाचायला लागले की एकाच पोत्याचं कर्क्युमिन सकाळी वेगळं, दुपारी वेगळं! दमट हवेला शिव्या घातल्या, दोषी निघालं सॅम्पल ठेवायचं पॉलिथिनचं पाऊच. पॉलिथिन आपल्या डोळ्याला पारदर्शक, मशीनला नाही, 1730 आणि 2310 नॅनोमीटरच्या आसपास ते स्वतःच प्रकाश खातं, त्यात प्रत्येक गठ्ठ्यातल्या पाऊचची जाडी वेगळी. तेव्हापासून काचेची वायल, एकाच मापाची, बास.

अख्ख्या हळकुंडाचं दुखणं वेगळंच. प्रकाश आत जातो जेमतेम काही मिलिमीटर, आणि पॉलिशच्या ड्रममध्ये रंग खुलावा म्हणून शेवटी हळदपूडच मारलेली असते, म्हणजे तुम्ही माल तपासताय की वरची पूड? आठ-दहा कांड्या घ्या, फिरवून फिरवून रीडिंग घ्या आणि सरासरी काढा, शिवाय अधूनमधून एखादी फोडून आतलं पण बघा.

सगळ्यात महागात पडते ती कॅलिब्रेशनची, म्हणजे प्रकाशावरून आकडा काढायला मशीनला शिकवण्यातली चूक. मॉडेल (मशीनचं आकडा काढायचं गणित) शिकवलं फक्त राजापुरी जातीवर आणि समोर आली सेलम किंवा मेघालयची लाकाडोंग, तर मशीन बिनधास्त आकडा फेकतं, तो पण दोन दशांश स्थळांपर्यंत. आउटलायरची (हा माल शिकवलेल्या मालात बसत नाही, अशी) लाल वॉर्निंग कटकट वाटते म्हणून बंद करणारे महाभाग मी बघितलेत. आणि एकाच पोत्याची तीन रीडिंग, दोन शिकवायला आणि एक परीक्षेला, असं केलं की मॉडेल पहिल्या नंबरात पास होणारच ना, पेपर फुटलेला! परीक्षेसाठी पोतंच्या पोतं बाजूला ठेवा. एचपीएलसीचा (घटक वेगळे करून मोजणारी लॅबची चाचणी) खर्च पण टळत नाही बरं का, तुलनेला खरे आकडे तिथूनच येतात.

लेड क्रोमेटची (शिसं असलेला पिवळा रंग) भेसळ थोडी असली तर एनआयआरच्या भरवशावर राहू नका. शिसं बघायला हातातलं एक्सआरएफ (एक्स-रे टाकून धातू ओळखणारं यंत्र) असतं, त्यातही सॅम्पल शाबूत राहतं, शंका आली तर सरळ लॅबला पाठवा.

दिवा तापायला अर्धा तास द्या. पांढऱ्या रेफरन्स टाइलला (जिच्याशी मशीन प्रकाश ताडून बघतं) हळदीचं बोट लागलं की पुढची सगळी रीडिंग गेलीच, आमच्याकडे ती टाइल आता कुलपात असते आणि किल्ली पूड भरणाऱ्यांना देत नाही.