घरी नेट घेताय? आधी शेजाऱ्यांना विचारा

नवीन ब्रॉडबँड घ्यायचा असेल ना तर जाहिरात बघून नका ठरवू, आधी आपल्याच बिल्डिंगमध्ये दोन-तीन घरी जाऊन विचारा की रात्री ९ नंतर स्पीड किती येतो आणि पावसाळ्यात वायर तुटली की माणूस किती दिवसांनी येतो, कारण कंपनी कितीही मोठी असली तरी येणार तो तिचा लोकल माणूसच. आमच्याकडे एकदा ४ दिवस नेट बंद होतं, मुलीची ऑनलाइन परीक्षा होती, तेव्हापासून मी सर्व्हिस आधी बघते आणि रेट नंतर.

चार जणांच्या घराला १०० एमबीपीएस स्पीड भरपूर होतो. बिलावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो तो धरूनच हिशोब करा, अनलिमिटेडमध्येपण महिन्याची डेटा लिमिट असते ती विचारा.

राउटर ड्युअल बँडच घ्या, म्हणजे ज्यात ५ आणि २.४ गीगाहर्ट्झ असे दोन्ही वायफाय सिग्नल असतात. ५ गीगाहर्ट्झ फास्ट आहे पण भिंतीत अडकतं, २.४ स्लो असलं तरी आतल्या बेडरूमपर्यंत पोचतं. आणि प्लीज तो टीव्हीच्या मागे कोपऱ्यात नका ठेवू, पॅसेजमध्ये उंचावर लावा, वायर ५ मीटर जास्त लागली तरी चालेल. लाइट जात असेल तर राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, फक्त राउटरच्या अडॅप्टरवरचं व्होल्टेज तेवढंच आहे का ते आधी वाचा.