केमोचे दिवस कॅलेंडरवर कसे सांभाळावेत

सलाइन लागलेल्या तारखेला भिंतीवरच्या कॅलेंडरवर 1 लिहा आणि पुढच्या डोसपर्यंत आकडे टाकत जा. केमोचा त्रास बराचसा वार लावल्यासारखा, ठरल्या दिवशी येतो. आम्हाला हे आईच्या दुसऱ्या सायकलला, म्हणजे केमोच्या दुसऱ्या फेरीला कळलं.

पहिले तीन-चार दिवस मळमळीचे. उलटीची गोळी मळमळ सुरू व्हायची वाट न बघता लिहून दिलेल्या वेळेला द्या. ऑन्डान्सेट्रॉन या उलटीच्या गोळीने पोट साफ होत नाही, त्याचं औषध आधीच विचारून ठेवा. सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत फोडणी पडली की आई नाकाला पदर लावायची. मग मी पहाटेच स्वयंपाक उरकायला लागलो. गरम अन्नाला वास जास्त, म्हणून मऊ भात, तूप, मेतकूट कोमट करून, वाटीभरच, दर दोन तासांनी. "अजून घे ना" हा आग्रह बंद.

आठवडाभरात तोंड येऊ शकतं. मग मेतकूटही झोंबतं. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ, चमचाभर खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. ब्रश मऊ.

खरी काळजी साधारण 7 ते 14 या दिवसांची. पांढऱ्या पेशी तेव्हा सर्वांत कमी असतात. (आई 'दहावा दिवस' म्हणू द्यायची नाही, 'नऊ अधिक एक' म्हण म्हणायची.) कच्ची कोशिंबीर, बाहेरची चटणी, भेटायला येणारे सर्दीवाले, सगळ्यांना रजा. थर्मामीटर उशाशी ठेवा. 100.4 फॅरनहाइट किंवा वर ताप गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. रात्री दोन वाजताही हॉस्पिटल गाठा आणि केमो चालू आहे हे दारातच सांगा. आमचा नऊ अधिक एक नेमका अनंत चतुर्दशीला आला. लक्ष्मी रोड, टिळक रोड मिरवणुकीने बंद. म्हणून आदल्याच दिवशी आईला कोथरूडला मावशीकडे नेऊन ठेवलं.

केस बहुतेक औषधांत दोन-तीन आठवड्यांनी गळू लागतात. आधीच बारीक कापलेले बरे.

बोटांना मुंग्या येणं, शर्टाची बटणं न लागणं मात्र 'अशक्तपणा' म्हणून सोडू नका. हेही त्या-त्या तारखेच्या चौकोनात लिहा आणि पानाचा फोटो ओपीडीत दाखवा. उलटीची गोळी बदलायची की डोस कमी करायचा, हे डॉक्टरांना त्यावरून ठरवता येतं. आमच्या पानावर दुधाचा हिशोबही होता. डॉक्टरांनी तोही वाचला.