गोरिला, हेल्मेट आणि साबणाचे फुगे : जुने भंगार सायफाय बघायचे कसे

‘रोबॉट मॉन्स्टर’ (१९५३) या चित्रपटात पृथ्वीवरची माणसं संपवायला आलेला रो-मॅन म्हणजे गोरिलाचा केसाळ पोशाख घातलेला एक माणूस. डोक्यावर पाणबुड्यासारखं हेल्मेट, त्यावर अँटेना. मुक्काम एका गुहेच्या तोंडाशी. तिथे त्याचं यंत्र आहे आणि भोवती सतत साबणाचे फुगे उडत असतात. श्रेयनामावलीत फुग्यांच्या यंत्राचाही मानाने उल्लेख आहे.

एवढं वाचून हसू आलं असेल तर निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं तयारीचं आहे. असे चित्रपट नुसते लावून दिले तर विसाव्या मिनिटाला लोक मोबाईल काढतात आणि ‘काय हे दाखवलंस’ असं तुम्हालाच ऐकावं लागतं.

निवड : वाईट दोन प्रकारचं असतं

चित्रपट मनापासून काढलेला असला पाहिजे, ही पहिली अट. मुद्दाम वाईट काढलेले अलीकडचे चित्रपट टाळा. त्यांत दिग्दर्शक प्रेक्षकाकडे बघून डोळा मारत असतो आणि ती गंमत दहा मिनिटांत आटते. रो-मॅनचं तसं नाही. मुलीला मारायचा हुकूम आहे आणि मन होत नाही, तेव्हा हा गोरिला हात वर करून स्वतःलाच विचारतो की ‘केलंच पाहिजे’ आणि ‘करता येत नाही’ हे दोन बिंदू आलेखावर कुठे मिळतात? लिहिणाऱ्याला तिथे शोकांतिका साधायची होती. कुवत आणि उमेद यांच्यात पडलेलं हे अंतर बघायलाच आपण बसलेलो असतो. विशेष म्हणजे त्या प्रसंगांमागचं संगीत खरोखर चांगलं आहे. ते एल्मर बर्नस्टीन यांचं. राजकीय संशयामुळे तेव्हा मोठी कामं त्यांच्याकडे येत नव्हती. तीनच वर्षांनी त्यांनी ‘द टेन कमांडमेंट्स’ला संगीत दिलं.

दुसरी अट लांबीची. ६० ते ८० मिनिटं उत्तम. त्या काळी अमेरिकेत, विशेषतः गाडीत बसून बघायच्या ड्राइव्ह-इन थिएटरांत, एका तिकिटात दोन चित्रपट दाखवत. त्यामुळे जोडीतले बरेचसे स्वस्त चित्रपट या मापाचेच आहेत. नव्वदीच्या पुढे गेलेला भंगार चित्रपट क्वचितच पेलवतो.

तिसरी अट म्हणजे काहीतरी घडलं पाहिजे. या जातीतला खरा शत्रू रटाळपणा. दोन माणसं टेबलाशी उभी राहून, पडद्यावर कधीच न दिसणाऱ्या संकटाबद्दल बोलत असतात, कारण संकट दाखवायला पैसे नसतात आणि बोलणं फुकट असतं. चाचणी सोपी आहे. आदल्या दिवशी चित्रपट दहाव्या, तिसाव्या आणि पन्नासाव्या मिनिटाला उघडून प्रत्येकी एक मिनिट बघा. तिन्ही ठिकाणी टेबल दिसलं तर सोडून द्या. ‘द क्रीपिंग टेरर’ (१९६४) नवख्यांना दाखवू नका. गालिचा पांघरल्यासारखा राक्षस सरपटत येतो, खाली माणसं चालताना कळतात, बळी स्वतःच धडपडत त्याच्या तोंडात शिरतात. हे सगळं बहारीचं आहे, पण मधले पट्टे फार कोरडे. पात्रांचे संवाद ऐकू येण्याऐवजी निवेदकच ‘मग तो असं म्हणाला’ असं सांगत बसतो.

पहिल्या बैठकीचा कार्यक्रम

आधी ‘रोबॉट मॉन्स्टर’ (सुमारे ६५ मिनिटं), मग ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ (७९ मिनिटं). हा क्रम उलटा करू नका. रो-मॅन लवकर दिसतो आणि खोलीतला संकोच मोडतो. ‘प्लॅन नाइन’मधल्या चुका बारीक आहेत, त्यांना डोळा सरावलेला लागतो. संध्याकाळी साडेसातला सुरू केलंत, मध्ये २५ मिनिटं चहाला ठेवलीत, तरी सव्वादहा-साडेदहाला मोकळे. कुणाची शेवटची लोकल चुकत नाही.

माणसं चार ते सहा. तिघांत शेरेबाजीला धार येत नाही आणि आठांच्या पुढे दोन गट पडून आपापल्या गप्पा सुरू होतात. एकट्याने बघूच नये असं नाही, पण मग अभ्यासाच्या वृत्तीने बघावं लागतं.

खाणं कोरडं आणि आवाज न करणारं ठेवा. चिवडा, शेंगदाणे, सुकी भेळ, सगळं आधीच वाट्यांत काढलेलं. वेष्टनाच्या चुरचुरीत निवेदकाचं एखादं अमोल वाक्य बुडतं. वडे मध्यंतरात.

प्रत आणि टीव्ही

अमेरिकेत १९६४ पूर्वीच्या चित्रपटांचा कॉपीराइट २८व्या वर्षी नूतनीकरण करून घ्यावा लागे. स्वस्त चित्रपटांच्या बाबतीत ते अनेकांनी केलंच नाही. ‘टीनएजर्स फ्रॉम आउटर स्पेस’ (१९५९) आणि ‘द किलर श्रूज’ (१९५९) असेच मोकळे झालेले, म्हणून ते इंटरनेट अर्काइव्ह या मोफत संकेतस्थळावर सरळ मिळतात. मात्र मोकळ्या चित्रपटांच्या प्रती प्रतींच्याही प्रती असतात. दोन-तीन उतरवून घ्या आणि रात्रीचा एखादा प्रसंग लावून तुलना करा. नुसता काळा चिखल दिसत असेल ती प्रत बाद. रंगवलेल्या प्रतीही नकोत. पुठ्ठ्याच्या थडग्याला राखाडी छटा जेवढं सांभाळून घेतात तेवढं रंग घेत नाहीत, आणि आपल्याला फसवणूक हवी असते ती मूळच्या पातळीची.

‘रोबॉट मॉन्स्टर’ मुळात थ्री-डी होता. त्या वेळी लाल-निळा चष्मा वापरत असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात मोठ्या पडद्यावरचं १९५३चं थ्री-डी बहुतेक पोलराइज्ड असे, दोन प्रोजेक्टर आणि राखाडी चष्मे. घरी साधी सपाट प्रत पुरते.

टीव्हीवर चार गोष्टी बघून घ्या. मोशन स्मूदिंग बंद करा (प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलेलं असतं). ते चालू राहिलं तर सगळं दुपारच्या मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. शार्पनेस खाली आणा, नाहीतर फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रातले बारीक ठिपके, मुंग्यांसारखा वळवळतो. चौकट ४:३ ची असेल तर ती ताणू नका, दोन्ही बाजूंचे काळे पट्टे राहू द्या. आवाज मोनो आहे, त्यामुळे साउंडबारचा सराउंड परिणाम बंद आणि संवाद स्पष्ट करणारा पर्याय चालू. थेरेमिन या विजेवरच्या वाद्याची किंचाळी संवादाच्या दुप्पट मोठी येते, रिमोट हाताशी असू द्या.

सबटायटल लावाच. लोक मध्ये बोलणार, आणि निवेदकाचं इंग्रजी भरधाव असतं. व्हीएलसी या व्हिडिओ चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सबटायटल मागेपुढे होत असतील तर जी आणि एच या कळांनी ती ५० मिलिसेकंदांच्या टप्प्याने सरकवता येतात.

काय बघायचं आणि ते तसं का झालं

चूक दिसली की हसू येतं. ती का झाली हे कळलं की पुढच्या वेळी आधीच चाहूल लागते. सगळ्यांत जास्त मजा इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर.

गोरिला का? जॉर्ज बॅरोज या नटाकडे स्वतःचा गोरिला-पोशाख होता. दिग्दर्शक फिल टकर यांच्याकडे रोबो बनवायला पैसे नव्हते. तेव्हा पोशाख आणि माणूस एकत्रच आले, वर हेल्मेट चढवलं. चित्रीकरण चार दिवसांत उरकलं, खर्च सुमारे १६ हजार डॉलर. गुहा म्हणजे लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधल्या ब्रॉन्सन कॅन्यनचा बोगदा, जुन्या दगडखाणीतला. स्टुडिओपासून हाकेच्या अंतरावर, म्हणून असंख्य चित्रपटांत तोच. ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’मध्ये आहे आणि १९६६च्या बॅटमॅन मालिकेत बॅटमॅनची गाडी तिथूनच बाहेर येते. एकदा ओळखलात की तो बोगदा तुमचा पिच्छा सोडत नाही.

मध्येच डायनासोर झुंजायला लागतात ते का, असं कुणी विचारेलच. ते पाठीवर माशासारखे पर चिकटवलेले खरे सरपटणारे प्राणी आहेत आणि तो तुकडा १९४०च्या ‘वन मिलियन बी. सी.’मधून उचललेला आहे. उसना तुकडा ओळखायची खूण म्हणजे दाणा आणि उजेड एकदम बदलतो, आणि त्यात नायक कधीच दिसत नाही. लष्कराची विमानं, तोफा, पळणारी गर्दी हा बहुतेक सगळा असाच माल.

‘प्लॅन नाइन’ काढला एड वुड यांनी. चित्रीकरण १९५६चं. जुन्या ‘ड्रॅक्युला’तले प्रसिद्ध नट बेला लुगोसी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. वुड यांच्याकडे त्यांची काही मिनिटांची आधी घेतलेली फिल्म होती, तेवढ्यावर लुगोसींचं नाव लावून चित्रपट उभा केला. उरलेल्या प्रसंगांत वुड यांच्या पत्नीचे कायरोप्रॅक्टर (पाठीचा कणा हातांनी दाबून उपचार करणारे) टॉम मेसन झगा नाकापर्यंत ओढून वावरतात. ते लुगोसींपेक्षा चांगलेच उंच आहेत. बदल कुठे होतो हे पहिल्यांदा टिपणाऱ्याला एक वडा जास्त द्यावा.

त्याच चित्रपटात दिवस-रात्र सांभाळा. पोलिसांची गाडी भर उजेडात निघते आणि स्मशानात पोचते तेव्हा काळोख. रात्रीची दृश्यं दिवसा घेऊन, कमी उजेड देऊन काळी करण्याची पद्धत तेव्हा सर्रास होती. गडबड होते ती स्टुडिओत खऱ्याच अंधारात घेतलेले तुकडे त्यांना जोडले की. शिवाय विमानाच्या कॉकपिटला दाराऐवजी पडदा आहे, थडगी धक्का लागून हलतात, परग्रहावरून आलेल्या उडत्या तबकड्यांच्या दोऱ्या दिसतात. तबकड्या म्हणजे गाडीच्या चाकांच्या टोप्या किंवा कागदी थाळ्या, ही दंतकथा. बाजारात मिळणारी प्लॅस्टिकची मॉडेल-किट होती ती.

इथे एक न्यायाची बाब. हा चित्रपट थिएटरात वरून-खालून कापून, रुंद पट्टीत दाखवायचा होता. टीव्हीवर पूर्ण चौकट दाखवली जाते आणि कडेला लपून राहायला हव्या होत्या त्या वस्तू आत येतात. म्हणजे काही चुका वुड यांच्या नाहीतच. तरी पहिल्यांदा पूर्ण चौकटच बघा, आपण न्यायालय भरवलेलं नाही.

पैसा बॅप्टिस्ट चर्चच्या मंडळींचा होता. मूळ नावातले ‘कबरचोर’ त्यांना खटकले म्हणून नाव बदललं, आणि कलाकारांपैकी काहींना बाप्तिस्माही घ्यावा लागला. १९८०मध्ये मेडवेड बंधूंच्या ‘गोल्डन टर्की’ पुस्तकाने याला आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट ठरवलं. आमच्या मते हा निकाल साफ चुकीचा. सर्वांत वाईट चित्रपट कुणाला आठवतही नाहीत.

हौजी

गप्पा भरकटू नयेत म्हणून तिकिटं करा. तीन बाय तीन, नऊ घरं, प्रत्येकाला वेगळं. घरांत ऐकू किंवा दिसू शकतील अशा गोष्टी लिहा : शास्त्रज्ञ चष्मा काढून दूर बघतो, फोन उचलून ‘हॅलो’ न म्हणताच बोलणं सुरू, ‘अणू’ शब्द, सपाट मैदानावर नायिका ठेचकाळते, तोच तुकडा दुसऱ्यांदा, भिंत हलते, दोरी दिसते, बाई शास्त्रज्ञ असूनही कॉफी तीच आणते, माणुसकीवर भाषण. आधी १६ ते १८ गोष्टींची यादी करून त्यातून वाटा.

बिघडतं कुठे, तर सगळी घरं सोपी ठेवली की २० मिनिटांत फुल हाउस होतं आणि पुढे कुणी पडद्याकडे बघत नाही. नऊपैकी चार सोपी, तीन मध्यम, दोन अवघड असं प्रमाण ठेवा. दोघांनी पाहिलं असेल तरच घर खोडायचं, नाहीतर भांडणं होतात (तशीही होतात).

शेरेबाजीचा नियम एकच. पात्र बोलत असताना बोलायचं नाही, फटीत एक वाक्य टाकायचं. १९८८मध्ये मिनिआपोलिसच्या एका स्थानिक वाहिनीवर सुरू झालेला ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ हा वाईट चित्रपटांवर शेरे मारण्याचा कार्यक्रम चालला तो या फटी नेमक्या हेरल्यामुळे. आणि ज्याने चित्रपट आधी पाहिलाय त्याला ‘आता बघ हां’ म्हणायची सक्त मनाई. बैठक मोडणारा माणूस बहुतेक वेळा तोच असतो, आणि बहुतेक वेळा तो यजमान असतो.

पुढच्या वेळी

‘द जायंट क्लॉ’ (१९५७) ठेवा. यातले नट खरंच नीट काम करतात, कारण चित्रीकरणाच्या वेळी राक्षसी पक्षी कुणी पाहिलेलाच नव्हता. बाहुली नंतर मेक्सिकोत करून घेतली. सुरुवातीला पडद्यावर नुसता धूसर ठिपका सरकतो, माणसं घाबरून ‘युद्धनौकेएवढा’ म्हणत राहतात, आणि मग ती मान दिसते. पोस्टर किंवा फोटो आधी कुणालाही दाखवू नका, सगळी मजा त्या क्षणावर आहे.

‘टीनएजर्स फ्रॉम आउटर स्पेस’मध्ये किरणांच्या बंदुकीने मेलेल्या प्रत्येकाचा सांगाडा तोच एक आहे, आणि महाकाय प्राणी म्हणजे लॉब्स्टरची सावली. ‘किलर श्रूज’मधल्या चिचुंद्र्या म्हणजे केसाळ झूल घातलेले कुत्रे. ते धावत येतात तेव्हा शेपट्यांकडे लक्ष ठेवा.

हिंदीत उतरायचं असेल तर ‘चाँद पर चढाई’ (१९६७), टी. पी. सुंदरम यांचा. आर्मस्ट्राँगच्या दोन वर्षं आधी दारा सिंग चंद्रावर, म्हणजे हाणामारी आलीच. गाणीही आहेत, त्यामुळे लांबीची अट इथे सोडावी लागते. गाण्यांच्या वेळी चहा ठेवा. तुर्कस्तानचा ‘द्युन्यायी कुर्तारान आदाम’ (१९८२) मात्र तिसऱ्या-चौथ्या बैठकीआधी काढू नका. त्यात ‘स्टार वॉर्स’चे तुकडे न विचारता चिकटवलेले आहेत आणि नायक अंतराळयुद्ध लढतो तेव्हा त्याच्यामागे तेच पडद्यावर चालू असतं. हौजीची तिकिटं त्या रात्री निरुपयोगी, पहिल्या दहा मिनिटांतच सगळी घरं भरतात.