जुन्या वर्कस्टेशनवर लिनक्स टाकताय? या चुका टाळा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या किंवा शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याने डिझाइनची कॉम्प्युटर बदलली, की डेल प्रिसिजन टी३५००, एचपी झेड४०० अशी दणकट मशीन, म्हणजे वर्कस्टेशन, स्वस्तात मिळतात. इंटेलचा झिऑन प्रोसेसर, ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) रॅम आणि जाड पत्र्याची केस. त्यांवर लिनक्स ही विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे तिचं डेबियन किंवा लिनक्स मिंट हे रूप, उत्तम चालतं. अशी मशीन भंगारात जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच हे लिहितोय. इन्स्टॉल अडकलं की दोष लिनक्सला मिळतो. खरं कारण बहुतेक वेळा आधीच्या मालकाने ठेवून दिलेल्या सेटिंगमध्ये किंवा थकलेल्या एखाद्या भागात असतं.

दुकानातच बायोस उघडा

मशीन सुरू होताना डेलवर एफ२, एचपीवर एफ१० दाबून बायोस, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगचा पडदा, उघडतो का ते विक्रेत्यासमोरच बघा. कंपनीतून आलेल्या मशीनला पासवर्ड असू शकतो, आणि तो काढल्याशिवाय पुढचं बरंच काही बदलता येत नाही. या झिऑनमध्ये ग्राफिक्स नसतं, त्यामुळे वेगळं कार्ड बसवलेलं आहे ना, आणि त्याचं डिस्प्लेपोर्ट तुमच्या मॉनिटरला जुळतंय ना, तेही तपासा.

बोर्डावरचा सेल

सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे सीआर२०३२ हा छोटा सेल, आणि त्याच्यावर संशय कुणी घेत नाही. तो संपला की मशीन बंद करून प्लग काढताच घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग इन्स्टॉलर व्यवस्थित चालतो, पण अपडेट करताना ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ अशा अर्थाची चूक येते आणि ब्राउझर प्रत्येक साइटच्या सर्टिफिकेटवर हरकत घेतो. लोक इंटरनेट तपासतात, सर्व्हर बदलतात, पुन्हा इन्स्टॉल करतात. त्यातच बायोसची सेटिंगही मूळपदावर जातात. बूटचा क्रम बदलतो आणि काल चालणारं मशीन आज सुरूच होत नाही. म्हणून इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह लावण्याआधी नवा सेल टाका आणि तारीख-वेळ बरोबर करा.

केस उघडलीच आहे तर धूळ काढा. फाउंड्रीच्या आसपास राहिलेल्या मशीनमध्ये लोखंडाचा बारीक कीस असू शकतो, आणि तो वीज वाहून नेतो. रॅमच्या पट्ट्या काढून टोकं खोडरबराने पुसा, मग मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालू द्या. रजिस्टर्ड आणि साधी ईसीसी रॅम एकत्र लावू नका, मशीन सुरूच होणार नाही.

डिस्क दिसत नाही, किंवा विचित्र दिसते

बायोसमध्ये सॅटाचा (डिस्कच्या जोडणीचा) मोड ‘रेड’ (अनेक डिस्क एकत्र वापरण्याची पद्धत) वर असेल तर ‘एएचसीआय’ (प्रत्येक डिस्क वेगळी) करा. तरीही इन्स्टॉलर डिस्कला जुन्या रेडचा भाग समजत असेल, तर तिच्यावर इंटेल रेडची खूण उरलेली आहे. ही खूण डिस्कच्या शेवटी असते, त्यामुळे नवं पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची यादी) बनवून ती जाईलच असं नाही. ‘वाइपएफएस’ (wipefs) या कमांडने पुसावी लागते. त्याआधी ‘एलएसबीएलके’ (lsblk) ही डिस्कची यादी दाखवणारी कमांड चालवून आकारावरून डिस्क ओळखा. पेनड्राइव्हलाच एसडीए (sda), म्हणजे पहिल्या डिस्कचं, नाव मिळालेलं असू शकतं. याच गोंधळात ग्रब हा लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रामही पेनड्राइव्हवर जातो आणि तो काढला की मशीन बूट होत नाही.

लिनक्सची डाउनलोड केलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. रुफस किंवा बलेनाएचर या प्रोग्रामने लिहा.

काळा पडदा

मेनू दिसतो आणि पुढे पडदा काळा, तर बहुधा एनव्हिडियाचं जुनं क्वाड्रो ग्राफिक्स कार्ड कारण असतं. ग्रबच्या मेनूवर ‘ई’ (e) दाबा, ‘लिनक्स’ने (linux) सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ (nomodeset) जोडा आणि एफ१० दाबा. हा तात्पुरता उपाय आहे. इन्स्टॉल झाल्यावरही तसाच ठेवला तर पडदा कमी रिझोल्यूशनचा आणि संथ राहतो. क्वाड्रो ६०० किंवा २००० असेल तर एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमागे लागू नका. त्या पिढीच्या ३९० मालिकेचा आधार कंपनीने २०२२च्या अखेरीस थांबवला. लिनक्ससोबत येणारा ‘नूवो’ ड्रायव्हर रोजच्या कामाला पुरतो. पडदा तरीही गोठत असेल तर एएमडीचं जुनं रेडिऑन कार्ड घालणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

वाय-फाय या मशीनमध्ये सहसा नसतंच. लॅनची केबल लावा किंवा फोनवरून यूएसबी टेदरिंग करा.

आणि डिस्कवरचं विंडोज पुसण्याआधी एक विचार करा: या मशीनवर सॉलिडवर्क्स किंवा ऑटोकॅड ही डिझाइनची सॉफ्टवेअर चालवायची आहेत का? ती लिनक्ससाठी बनत नाहीत. फ्रीकॅड (डिझाइनसाठी) आणि लिब्रेऑफिसवर (ऑफिसच्या कामासाठी) तुमचं काम भागतं का, ते आधी सध्याच्या विंडोजवरच वापरून बघा. दोन्ही तिथेही फुकट चालतात.