फॅमिली बघून भरवसा ठेवू नका: शेजारी ठगांचं कुटुंब आलं तर काय बघायचं आणि नंतर काय करायचं

आमच्या कोपरखैरण्याच्या बिल्डिंगमध्ये एक कुटुंब भाड्याने राहायला आलं होतं, आजी, नवरा-बायको, कॉलेजला जाणारा मुलगा आणि सातवीतली मुलगी. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपायच्या आत नऊ घरांना गंडा घालून एका रात्रीत टेम्पो भरून निघून गेले. त्या नऊ घरांत एक आमचं. पोलीस स्टेशन, वकील, रजिस्ट्रेशन ऑफिस असं सगळं फिरून मला आता जे कळलंय ते आधी कळलं असतं तर सासूबाईंची पाटली आज घरात असती, म्हणून लिहितेय. हे लोक एका जागी टिकत नाहीत, आज कोपरखैरणे तर उद्या कळवा, परवा घोडबंदर रोड, त्यामुळे ठाणे-नवी मुंबईतल्या सगळ्यांनीच वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे एकटा मुलगा भाड्याने आला की आपण सतरा प्रश्न विचारतो, सोसायटीवाले बॅचलरला दारात उभं करत नाहीत, पण आजी सकाळी तुळशीला पाणी घालताना दिसली, पोरगी युनिफॉर्ममध्ये स्कूलबसला उभी दिसली की आपले प्रश्न तिथेच संपतात. फॅमिली आहे ना, मग काय. त्यांचं सगळं भांडवल हेच होतं. आणि घरातल्या प्रत्येकाने काम वाटून घेतलेलं, हे आम्हाला नंतर नऊ घरं एकत्र बसल्यावर कळलं. आजी ओळख काढायची, सून भिशी चालवायची, नवरा सिडकोत ओळख आहे म्हणायचा, मुलगा मोबाइलवरून कागद बनवायचा. मुलीचं काय ते मला अजून समजत नाही, ती माझ्याकडे गणित विचारायला यायची आणि खरंच हुशार होती, तिचा विचार आला की अजून जीव कळवळतो.

आता ओळखायचं कसं ते सांगते. पहिला छोटा व्यवहार अगदी चोख असतो, हे डोक्यात पक्कं ठेवा. आजी एक दिवस घरी आल्या, नातीला नाही, पुतणीला बघायला लोक येणारेत, हातात काही नाही बिचारीच्या, दोन दिवस पाटली द्याल का म्हणाल्या. सासूबाईंनी दिली. आजींनी पाटली कपाळाला लावली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि दोन दिवस म्हणाल्या होत्या तर दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पांढऱ्या रुमालात गुंडाळून परत आणली, सोबत पाच पेढे. सासूबाई आठवडाभर कौतुक करत होत्या. तीन महिन्यांनी साखरपुडा ठरला म्हणून तीच पाटली परत मागितली, त्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावरून मंगळसूत्र, चौथ्यावरून बांगड्या, तळमजल्यावरून मोहनमाळ, आणि कुणालाच दुसऱ्याचं माहीत नव्हतं. ते पेढे म्हणजे त्यांचा सगळा खर्च होता बघा.

दुसरी खूण, प्रत्येक घरात "वहिनी, तुम्हालाच म्हणून सांगते, बाकी कुणाला बोलू नका". हे वाक्य आलं की त्याच दिवशी शेजारी जाऊन बोला, लाज वाटू देऊ नका. आम्ही नऊ जणींपैकी दोघी जरी जिन्यात उभं राहून बोललो असतो तरी सगळं तिथेच उघडं पडलं असतं. तिसरी, घाई नेहमी दुसऱ्याच्या तोंडून येते. म्हणजे सून पैसे मागते, आपण बघते म्हणतो, आणि अर्ध्या तासात मुलाचा फोन येतो की काकू आई रडतेय, आजीला अ‍ॅडमिट करायचंय. दोन वेगळी माणसं एकच गोष्ट सांगतायत म्हणून आपल्याला खरी वाटते, पण दोघं एकाच घरातली आहेत, त्याला साक्ष म्हणत नाहीत.

भिशीचं तर फार शिकण्यासारखं आहे. वीस जणांची, महिना पाच हजार. यादीतले अकरा आम्ही बिल्डिंगमधले आणि आजूबाजूचे, नऊ त्यांच्या माहेरचे, ज्यांना कुणी कधी बघितलंच नाही. पहिले नंबर त्या नऊंनाच लागत गेले. एवढं सरळ होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यामुळे भिशीत पैसे घालण्याआधी सगळे सभासद एकदा तरी समोरासमोर भेटले पाहिजेत, चिठ्ठी सगळ्यांसमोर निघाली पाहिजे, वहीत दर महिन्याला ज्याला पैसे मिळाले त्याची सही पाहिजे. जे नुसतं नाव आहे आणि माणूस नाही, अशा भिशीत शिरू नका. आणि कुणी महिन्याला ठरावीक व्याज देतो म्हणून ठेवी गोळा करत असेल तर ते भिशीच्याही पलीकडचं आहे, त्याच्यासाठी महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंबंधांचा कायदा आहे, एमपीआयडी म्हणतात त्याला, त्यात मालमत्ता जप्त करून ठेवीदारांचे पैसे परत द्यायची तरतूद आहे, तक्रार करताना पोलिसांना हा कायदा लागतो का असं स्वतःहून विचारा.

नवऱ्याचं सिडकोचं प्रकरण थोडक्यात. कोट्यातून घर काढून देतो, फाइल पुढे सरकवायला दोन लाख. सिडको असो की म्हाडा, घरांची सोडत कॉम्प्युटरवर निघते, अर्ज आणि पैसे त्यांच्याच वेबसाइटवर भरायचे असतात, आणि आम्ही एजंट नेमलेला नाही असं दोघंही सतत सांगतात. मध्ये माणूस आला की समजून जा.

सगळ्यात मोठी रक्कम मात्र बिल्डिंगच्या बाहेरच्यांची गेली. आपण ज्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो तोच फ्लॅट आपला आहे सांगून यांनी दोन वेगवेगळ्या घरांकडून हेवी डिपॉझिट, म्हणजे महिन्याच्या भाड्याऐवजी एकरकमी मोठी अनामत, घेतलं. त्यातला एक मार्केटात माथाडी काम करणारा, गावची जमीन विकून आलेले पैसे होते त्याचे, टेम्पो घेऊन सामानासकट आला तेव्हा खऱ्या मालकाने दार उघडलं. त्याची बायको जिन्यात बसून राहिली होती, हातात कुकर, मी तिला पाणी दिलं, तिने घेतलं नाही. म्हणून हेवी डिपॉझिट देणाऱ्यांनी आधी इंडेक्स टू, म्हणजे घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा, बघायचा, नोंदणी विभागाच्या आयजीआर महाराष्ट्र वेबसाइटवर ई-सर्च आहे, जिल्हा, गाव, फ्लॅट किंवा प्लॉट नंबर टाकून शोधता येतं, तिथे घेणाऱ्याचं नाव दिसतं. नवी मुंबईत सिडकोचं ट्रान्सफर लेटरही मागा. मग सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जा, शेअर सर्टिफिकेट कुणाच्या नावावर आहे आणि मेंटेनन्सचं बिल कुणाच्या नावाने निघतं ते विचारा, दहा मिनिटांचं काम आहे. लाइट बिलावर विसंबू नका, त्यात नाव बदललेलं नसतं किंवा, आमच्याकडे झालं तसं, मुलाने मोबाइलवर नाव बदलून पीडीएफ बनवली होती. मालक म्हणवणाऱ्याचं आधारवरचं नाव, इंडेक्स टू वरचं नाव आणि ज्या बँक खात्यात पैसे जाणार त्यावरचं नाव, तिन्ही एक पाहिजेत. मुलाच्या जीपेवर पाठवा, बायकोच्या खात्यात टाका, निम्मे कॅश द्या, असं काहीही आलं की उठायचं. आणि अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झाल्याशिवाय चावी नको आणि पूर्ण पैसे तर नकोच, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ते रजिस्टर करणं बंधनकारक आहे आणि जबाबदारी मालकाची आहे, नोटरीच्या स्टॅम्प पेपरवर भागवू म्हणणाऱ्याला नाही म्हणा. मालक लोकांनीही भाडेकरूची माहिती पोलिसांच्या वेबसाइटवर भरायची, आमच्या मालकांनी ब्रोकर करेल म्हणून सोडून दिलं आणि आता त्यांच्याकडे त्या लोकांचा धड फोटोही नाही.

आता पैसे गेलेच असतील तर. ऑनलाइन गेले असतील आणि नुकतेच गेले असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, बँकेलाही कळवा, पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत थांबवायची तीच वेळ असते. ते लोक अजून शेजारीच राहत असतील तर भांडायला जाऊ नका, धमकी देऊ नका, कुलूप तोडू नका, त्यांचं सामान अडवू नका, नाहीतर उलटी तक्रार तुमच्यावरच होते. त्यांच्या पोरीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका, आमच्याकडे एकाने फिरवला, मी भांडून डिलीट करायला लावला. त्यांनी सिक्युरिटी म्हणून चेक दिला असेल तर तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत भरा, बाउन्स झाला तर मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, मग १५ दिवस त्यांना, आणि त्यानंतर एका महिन्यात कोर्टात केस, यात एक दिवस इकडे तिकडे झाला तरी चेकचा दावा अडचणीत येतो.

पोलीस स्टेशनला गेलात की बहुतेक पहिलं वाक्य ऐकू येईल, हे सिव्हिल मॅटर आहे, उसने दिलेत ना तुम्ही. आम्हालाही तेच. घाबरू नका आणि आवाजही चढवू नका. उसने घेऊन न देणं आणि पहिल्यापासून फसवायचं ठरवून घेणं यात फरक आहे, आणि पहिल्यापासूनचा इरादा कागदावर दाखवणं हे आपलं काम. आमच्या वकीलताईंनी एका आडव्या कागदावर तक्ता करायला लावला, घर, तारीख, रक्कम किंवा दागिना, घरातल्या कुणी मागितलं, काय कारण सांगितलं, कुणाच्या हातात किंवा खात्यात गेलं. तो भरल्यावर दिसलं की एकाच मंगळवारी चार घरांना साखरपुड्याच्या चार वेगळ्या जागा सांगितल्या होत्या, वाशी, पनवेल, कल्याण आणि सातारा. तो कागद साहेबांसमोर ठेवला तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली. पूर्वी ज्याला आपण ४२० म्हणायचो ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, दुसऱ्याचं नाव घेऊन फसवणं ३१९, आणि विश्वासाने दिलेली वस्तू लाटली तर ३१६.

कुणी मागितलं हा रकाना सोडू नका, कारण कुटुंब असलं की नंतर सगळे एकमेकांवर ढकलतात, सून म्हणते हे बघायचे, नवरा म्हणतो आईचा व्यवहार, आजी म्हणते मला वाचता येत नाही. नुसतं नातं आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही आणि ठरूही नये, प्रत्येकाने काय केलं ते वेगळं लिहावं लागतं, तेव्हाच सामाईक इराद्याचं कलम ३ (५) लागायला आधार मिळतो.

तक्रार लेखी, मराठीत, दोन प्रती, एकीवर तारखेसह पोहोच घ्या. नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घरी पाठवत असतील तर सांगा की आम्हाला एफआयआर हवाय, त्याची कॉपी तक्रारदाराला फुकट मिळते. घेतच नसतील तर तीच तक्रार उपायुक्तांकडे रजिस्टर पोस्टाने, आणि तिथेही नाही तर वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. कुठलं पोलीस स्टेशन यावर अडवलं तर झिरो एफआयआर कुठेही नोंदवता येतो. आणि शक्यतो सगळी घरं एकाच दिवशी एकत्र जा, आमच्या दोन घरांनी लोक काय म्हणतील म्हणून नाव दिलं नव्हतं, त्यांना समजवायला तीन आठवडे गेले.

एफआयआर झाल्यावर तपास अधिकाऱ्यांचं नाव आणि नंबर लिहून घ्या, ९० दिवसांत तपास कुठवर आला ते तक्रारदाराला कळवायचं असतं, ती तारीख मी फाइलच्या कव्हरवर लाल पेनाने लिहिलीय. दागिन्यांची पावती कुणाकडेच नव्हती, जुने दागिने, कुठून असणार. साहेब म्हणाले घातलेला फोटो आणा. मग सासूबाईंच्या लग्नाचा अल्बम काढला, त्यात सुपारी सोडताना त्यांचा हात पुढे आलाय आणि पाटलीवरची नक्षी, एक पाकळी जरा चेपलेली, स्पष्ट दिसते. तो फोटो मोठा करून घेतला आणि तक्रारीच्या पहिल्याच पानाला लावलाय.