ताप कोणत्या दिवशी आला? साथीच्या दिवसांत या चुका टाळा

रक्त काढण्याआधी तापाच्या प्रत्येक पेशंटला मी एक प्रश्न विचारते: ताप नेमका कोणत्या दिवशी आला? मिरजेला दवाखान्यासाठी माणसं लांबून येतात. जत, कवठेमहांकाळ, तासगाव, पार अथणी-रायबागपासून. उत्तर मात्र बहुतेकांचं एकाच धाटणीचं. "झाले की चार-पाच दिवस." "आधी नुसती कणकण होती, मग भरून आला." तारीख सांगणारा क्वचितच भेटतो.

डेंगी आहे का, टायफॉइड आहे का, कोरोना तर नाही ना, हे मात्र सगळे विचारतात. माझं म्हणणं असं की नावाआधी दिवस धरा. कोणती तपासणी खरं सांगेल, कोणतं औषध लागू पडेल आणि धोका कधी आहे, हे तिन्ही दिवसावर ठरतं.

कोरोनात आपण हे करत होतो. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात परदेशातून आलेल्या एका कुटुंबापासून साखळी सुरू झाली, तेव्हा संपर्कातली माणसं शोधून, त्यांना चौदा दिवस वेगळं ठेवून ती तोडली गेली. २०२१ च्या लाटेत घराघरांत वहीवर तारीख, ताप आणि ऑक्सिमीटरचा आकडा लिहिलेला असायचा. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, तोवर त्या वह्या रद्दीत गेल्या होत्या. विषाणू गेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये त्याचा जेएन.१ हा नवा प्रकार आला, मे २०२५ मध्ये पुन्हा रुग्ण वाढले. साठीपुढच्या, शुगरच्या, किडनीच्या पेशंटला तो आजही दवाखान्यात झोपवतो. आणि त्याच्या जोडीला डेंगी, चिकुनगुन्या, स्वाईन फ्लू, टायफॉइड आणि टीबी आहेतच.

दोन दिवस अंगावर काढणं

"बघू दोन दिवस, नाही उतरला तर जाऊ." धडधाकट तरुणाचं यात बहुधा काही बिघडत नाही. पण घरातली आजी, गरोदर सून, दमेकरी, शुगरचा पेशंट यांच्यासाठी तेच दोन दिवस मोलाचे असतात. स्वाईन फ्लूवरची ऑसेल्टामिविर ही गोळी पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर सगळ्यात जास्त उपयोगी पडते. लक्षणं आणि जोखीम बघून डॉक्टर ती रिपोर्टची वाट न बघताही देतात. कोरोनावरच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्याही पहिल्या पाच दिवसांतच सुरू कराव्या लागतात. आपण सहाव्या दिवशी पोचलो, तर डॉक्टर कितीही चांगले असले तरी ती संधी गेलेली असते.

आणि ज्याला खोकला-ताप आहे त्यानं घरात मास्क लावायला लाजू नये. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आजी-आजोबांच्या खोलीत झोपू नये. एवढं केलं तरी खूप टळतं.

चुकीच्या दिवशी डेंगीची तपासणी

हा प्रकार आमच्या टेबलावर पावसाळाभर चालतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. डेंगीच्या दोन तपासण्या नेहमी होतात. एनएस१ ही विषाणूचाच अंश शोधते, ती साधारण पहिल्या पाच दिवसांत कामाची. आयजीएम ही शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधते, ती पाचव्या दिवसानंतर सापडू लागतात. आता एखादा माणूस सातव्या दिवशी आला, तारीख नीट सांगितली नाही आणि एकटी एनएस१ करून गेला, तर रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. घरचे म्हणतात, "चला, डेंगी नाही." उलटंही होतं. दुसऱ्याच दिवशी आयजीएम केली, निगेटिव्ह आली, आणि सगळे निर्धास्त झाले. दोन्ही वेळा मशीन बरोबर असतं. दिवस चुकलेला असतो.

त्याहून मोठी चूक ताप उतरल्यावर होते. डेंगीत ताप उतरतो त्याच सुमाराला, म्हणजे साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, खरा धोका सुरू होऊ शकतो. रक्तवाहिन्यांतून पातळ द्रव बाहेर झिरपतो, रक्त घट्ट होतं, रक्तदाब पडतो. हे एक-दोन दिवस नीट निभावले की माणूस सुधारतो. आपल्याकडे मात्र ताप उतरला की पोराला शाळेत पाठवतात, बाई शेतावर जाते. तेव्हा पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं, माणूस सुस्त किंवा फार बेचैन होणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघा.

पेशींबद्दलही, म्हणजे प्लेटलेटबद्दलही, बोललं पाहिजे. नातेवाईक रिपोर्ट हातात घेतात आणि त्यांची नजर थेट प्लेटलेटवर जाते. नव्वद हजार बघून घाबरलेली माणसं पपईच्या पानांचा रस, किवी, बकरीचं दूध यांच्या मागे पळतात आणि पेशंटला पाणी पाजायचं राहून जातं. त्याच कागदावर दोन-चार ओळी सोडून हिमॅटोक्रिट, म्हणजे पीसीव्ही, हा रक्त किती घट्ट आहे ते सांगणारा आकडा असतो. तो कालच्यापेक्षा चढलाय का, हे डॉक्टर बघतात, कारण द्रव झिरपतोय याची खूण तिथे मिळते. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट साधारण दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत त्या चढवायची सहसा गरज नसते. "पेशी चढवा" म्हणून डॉक्टरांवर दबाव आणू नका. ओआरएस, पेज, शहाळं, ताक, थोडं थोडं पण सारखं द्या. तापाला फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीवर मेडिकलमधून आणलेली ब्रुफेन, डायक्लोफिनॅक किंवा ॲस्पिरिन डेंगीत रक्तस्राव वाढवू शकते.

बॅरल रिकामा केला, घासला नाही

डेंगी म्हणजे पावसाळा असं आपण धरून चालतो. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे उन्हाळ्यातही तो दिसतो, कारण तिथे पाणी साठवल्याशिवाय घर चालत नाही. टँकर कधी येईल सांगता येत नाही, मग दारात दोन-तीन बॅरल, न्हाणीत हौद, वर टाकी. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी वाहत्या पाण्यावर जात नाही, तिला हेच साठवणीचं पाणी हवं असतं. अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओल्या कडेला. बारीक काळे ठिपके, सहज बघून दिसायचे नाहीत. पाणी ओतून दिलं तरी ती कडेला चिकटून राहतात, सुकलेल्या भांड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरलं की त्यांतून अळ्या निघतात.

म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करायचा जो कोरडा दिवस पाळायचा, तो म्हणजे नुसतं पाणी ओतणं नव्हे. काथ्यानं किंवा घासणीनं बॅरलची आतली कड खसखसून घासायची, उन्हात सुकवायची, मग भरून वर धुतलेलं जुनं धोतर किंवा जाड कापड ताणून बांधायचं. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे दर आठवड्याचा ठरलेला वार चुकवून चालत नाही. पाणी मोजून मिळत असताना बॅरल ओता असं सांगणं सोपं आहे, याची मला जाणीव आहे. ते पाणी कपड्यातून गाळून धुण्याला, जनावरांना वापरा. कपड्यावर राहिलेल्या अळ्या कोरड्या मातीत टाका. फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, छपरावर टाकलेले टायर तेवढे विसरू नका.

आधी अँटिबायोटिक, मग तपासणी

मेडिकलमधून दोन दिवस अँटिबायोटिक खायचं, उतार पडला नाही की लॅबला यायचं आणि विडाल ही टायफॉइडची रक्ततपासणी करून मागायची. टायफॉइडची खात्रीशीर तपासणी म्हणजे ब्लड कल्चर, रक्तातले जंतू वाढवून बघणं. ते पहिल्या आठवड्यात आणि अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी केलं तर जंतू सापडायची शक्यता जास्त. गोळी आधी पोटात गेली की कल्चर कोरं येऊ शकतं. विडाल पहिल्या काही दिवसांत बऱ्याचदा निगेटिव्ह येते, आणि टायफॉइड नसताना पॉझिटिव्हही येते. एकट्या विडालवर कुणी लांबलचक कोर्स सुरू केला असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. सर्दी, फ्लू, कोरोना, डेंगी हे विषाणूचे आजार, त्यांच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही.

पूर ओसरल्यावर उलटे दिवस मोजायला विसरणं

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. पुराची आठवण आपल्याला पाणी घरात असेपर्यंत असते, आजार मात्र नंतर निघतो. लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या, जनावरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या भेगांतून किंवा जखमेतून शिरतो आणि साधारण एक ते दोन आठवड्यांनी ताप येतो. पोटऱ्या भयंकर दुखतात, डोळे लाल होतात. तोवर घर धुऊन झालेलं असतं आणि दवाखान्यात कुणी "मी चिखलात उतरलो होतो" असं सांगत नाही. ते आपणहून सांगा. पूर नसला तरी भाताच्या चिखलात, उसाच्या सरीत अनवाणी काम केलं असेल तर तेही सांगा. हा आजार टाळायला आशाताई डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात त्या कपाटात ठेवू नका, सांगितल्याप्रमाणे घ्या.

काविळीचा हिशेब आणखी लांबचा. २०१२ मध्ये शेजारी इचलकरंजीत पाण्यातून काविळीची मोठी साथ आली होती. हिपॅटायटिस ई दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांनी उमटतो, म्हणजे आज डोळे पिवळे दिसले तर दोष महिन्यापूर्वीच्या पाण्यात असू शकतो. गल्लीत एकाला कावीळ झाली की सगळ्यांनी पाणी उकळायला लागावं. गरोदर बाईला ही कावीळ जिवावर बेतू शकते, तिच्या बाबतीत झाडपाल्याचा प्रयोग अजिबात नको.

"अशक्तपणाच आहे" म्हणून सोडून देणं

कोरोनानंतर तीन महिन्यांनीही थकवा, दम, विसरायला होणं, छातीत धडधड राहिली आणि ती दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकली, त्याला दुसरं कारण सापडलं नाही, तर तो लाँग कोविड असू शकतो. अशा माणसाला आळशी म्हणू नका. काहींचं जोर करून काम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्तच बिघडतं, त्यांनी काम तुकड्यांत वाटून घ्यावं. पण सगळा थकवा कोरोनाच्या नावावर टाकणंही घातक. हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड आणि छातीचा एक्स-रे एकदा तरी करून घ्या. कोरोनात दिलेल्या स्टेरॉइडनंतर शुगर वाढलेले कितीतरी जण पुढे तपासणीलाच आले नाहीत.

आणि खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर टीबीसाठी थुंकीची तपासणी. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते, औषधं फुकट मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून निक्षय पोषण योजनेत आहारासाठी महिना हजार रुपये खात्यावर येतात. साध्या टीबीची औषधं सहा महिन्यांची. दुसऱ्या महिन्यात वजन वाढतं, खोकला जातो, आणि नेमकी तेव्हाच ती बंद होतात.

ऊसतोड टोळ्यांत हे फार घडतं. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून कुटुंबं कारखान्यांवर येतात, उन्हाळ्यात परत जातात, आणि सहा महिन्यांचं औषध असो की पोराचा नवव्या महिन्याचा गोवर-रुबेलाचा डोस, मधेच तुटतो. मुकादम आणि शेतकऱ्यांना इथे बरंच करता येईल. टोळी फडावर उतरली की पहिल्याच आठवड्यात आशाताईला कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर, बोलवा. लहान मुलांची लसीची कार्डं आणि टीबी पेशंटचा निक्षय आयडी, म्हणजे सरकारी नोंदणीचा नंबर, तिला दाखवा. त्या नंबरवर पेशंटची नोंद इकडच्या केंद्रात वर्ग करता येते आणि गोळ्या जवळच्या दवाखान्यात मिळतात. गाडी परत जोडायच्या आठ-दहा दिवस आधी पुन्हा तेच करा, म्हणजे गावी पोचल्यावर औषधात खंड पडणार नाही.